दोन्ही बिल्ड हिरवे, तरी जोडी जुळत नाही: मेनफ्रेम आणि जावाचे बिल्ड एकत्र कसे चालवावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत विम्याच्या एका प्रोजेक्टवर तुम्ही काम करता. पॉलिसीचा मूळ हिशेब मेनफ्रेम या मोठ्या कॉम्प्युटरच्या झेड-ओएस ऑपरेटिंग सिस्टिमवर कोबॉल भाषा, सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार चालवणारं सॉफ्टवेअर) आणि डीबीटू (डेटाबेस) यांत चालतो आणि त्याच्यापुढे लिनक्सवर जावाच्या चाळीसेक सर्व्हिसेस आहेत. जावाचा बिल्ड, म्हणजे सोर्सपासून चालवता येणारा प्रोग्राम बांधणं, जेनकिन्स या ऑटोमेशन टूलवर दर कमिटला (कोडमधला बदल नोंदवला की) आपोआप होतो. मेनफ्रेमचा बिल्ड एंडेव्हर या तिथला सोर्स सांभाळणाऱ्या टूलमध्ये पॅकेज बनवून हाताने होतो. रिलीजच्या रात्री दोन्ही बाजू जुळत नाहीत आणि कॉल पहाटेपर्यंत चालतो. मॅनेजर म्हणतात सगळं जेनकिन्समध्ये आणा, मेनफ्रेमचे सिनियर म्हणतात आमच्या सिस्टिमला हात लावू नका. यात कोणाचं ऐकायचं?

मी हे काम २००२ पासून करते. सुरुवात सीप्झमध्ये मेनफ्रेमच्या बाजूने झाली, पुढे बरीच वर्षं बिल्ड आणि रिलीजच्या टीममध्ये गेली, त्यामुळे दोन्ही घरचं मीठ खाल्लं आहे. माझ्या मते तुमचे मॅनेजर आणि सिनियर दोघेही अर्धं अर्धं बरोबर बोलताहेत. टूल एक असावं की दोन, हे नंतर बघू. त्याआधी हे सांगा: आज रात्री कोबॉलची जी लोड मॉड्यूल्स (चालवायला तयार प्रोग्राम) प्रॉडक्शनला जाणार आहेत, त्यांच्याबरोबर जावाची नेमकी कुठली जार (बांधलेली फाइल) जायची, हे तुमच्याकडे एका जागी लिहिलेलं आहे का? तुमच्या वर्णनावरून ते कुणाच्या तरी मेलमध्ये आणि कुणाच्या तरी डोक्यात आहे असं दिसतं. ते तिथेच राहिलं, तर सगळं जेनकिन्समध्ये आणूनही चुकीची जोडी फक्त जास्त वेगाने तयार होईल.

हे मी एका शनिवारच्या रात्री शिकले. ग्राहक वित्तीय क्षेत्रातला होता. कोबॉलच्या बाजूला एका कॉपीबुकमधलं, म्हणजे अनेक प्रोग्रामना लागणाऱ्या रेकॉर्डच्या रचनेच्या फाइलमधलं, रकमेचं फील्ड मोठं केलं होतं: दशांशाआधी सात आकड्यांऐवजी नऊ, दशांशानंतरचे दोन तसेच. फील्ड कॉम्प-थ्री होतं, म्हणजे एका बाइटमध्ये दोन आकडे आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये चिन्ह. जुनं फील्ड ९ आकडे अधिक चिन्ह, म्हणजे ५ बाइट. नवं ११ आकडे अधिक चिन्ह, म्हणजे ६ बाइट. जावाच्या रेपोमध्ये (कोडच्या साठ्यात) त्याच कॉपीबुकची प्रत होती, पण ती कुणीतरी काही महिन्यांपूर्वी एफटीपीने आणून ठेवलेली. जावाचा क्लास त्या जुन्या प्रतीवरून तयार झाला. कोबॉल कम्पाइल झालं, रिटर्न कोड शून्य, म्हणजे चूक नाही. जावाचा बिल्ड हिरवा, म्हणजे यशस्वी, सगळ्या युनिट टेस्ट पास, कारण टेस्टचा डेटाही जुन्याच लेआउटचा होता.

रात्री पावणेतीनच्या सुमारास तपासणी करणाऱ्या मुलीने स्क्रीनचा फोटो पाठवला. चाचणीच्या पॉलिसीवर आम्ही ठरवून टाकलेली रक्कम होती १२,३४५.६७ रुपये. स्क्रीनवर दिसत होते १२३.४५, आणि शेजारच्या स्टेटसच्या रकान्यात ‘@’. मी कागद घेऊन बाइट मांडले. मेनफ्रेमवर ती रक्कम ०० ०० १२ ३४ ५६ ७सी अशी सहा बाइटमध्ये होती. जावाने पहिले पाचच बाइट वाचले. पाचव्या बाइटमधला शेवटचा ६ त्याने चिन्ह समजून बाजूला ठेवला. आमच्या पार्सरमध्ये (बाइट वाचणाऱ्या कोडमध्ये) ‘डी’ हे ऋण चिन्ह नसेल तर रक्कम धन, एवढीच अट होती, त्यामुळे एररही आला नाही. उरलेला ७सी हा बाइट पुढच्या फील्डच्या वाट्याला गेला. एबसिडिक या मेनफ्रेमवरच्या अक्षरांच्या कोडिंगमध्ये ७सी म्हणजे ‘@’. त्या एका अक्षरामुळे संशय आला आणि रोलबॅक झाला, म्हणजे बदल मागे घेतला. नुसती रक्कम बघून सकाळपर्यंत कुणी बोट ठेवलं असतं की नाही, मला आजही खात्री नाही.

त्या रात्री दोन्ही टीमनी आपापलं काम चोख केलं होतं. कॉपीबुकला मात्र एक घर नव्हतं.

म्हणून माझा पहिला आग्रह कॉपीबुकबद्दल आहे. दोन्ही बाजूंना लागणारं प्रत्येक कॉपीबुक एकाच ठिकाणी राहावं आणि जावाच्या बिल्डने ते बिल्डच्या वेळी तिथूनच उचलावं. ती जागा कुठली, हे तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. सोर्स एंडेव्हरमध्ये असेल तर मूळ प्रत तिथेच राहू द्या. कॉपीबुक मंजूर होऊन पुढच्या स्टेजला गेलं की आवृत्तीचा क्रमांक लावून ते नेक्सस किंवा आर्टिफॅक्टरीसारख्या बांधलेल्या फाइलींच्या भांडारात आपोआप प्रकाशित करा. सोर्स गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये आणून आयबीएमच्या डिपेंडन्सी बेस्ड बिल्ड या टूलने बांधत असाल तर मूळ जागा गिट. दोन्ही व्यवस्था मी चालवल्या आहेत आणि दोन्ही चालतात. दोन्हीकडे हाताने बदलता येणारी प्रत ठेवली, की मात्र घात होतो. त्यावर आणखी एक छोटा अडसर घाला. कोबॉलच्या कम्पाइल लिस्टिंगमध्ये मॅप ऑप्शन लावला की रेकॉर्डची लांबी बाइटमध्ये मिळते. जावाचा क्लास जी लांबी धरून चालतो ती आणि ही, दोन्ही ताडून बघा आणि एका बाइटचा फरक असला तरी बिल्ड पाडा. आमच्याकडे ही तपासणी लिहायला दोन दिवस लागले. त्या शनिवारी ती असती, तर चूक दुपारीच सापडली असती.

कॉपीबुक बदललं की कुणाकुणाला पुन्हा बांधायचं, हा त्याचाच पुढचा भाग. जावावाल्यांना इथे एक गोष्ट नीट समजावून सांगावी लागते. कॉपीबुक कम्पाइलच्या वेळी प्रोग्राममध्ये उतरतं. ते वापरणारे साठ प्रोग्राम असतील आणि तुम्ही पन्नासच पुन्हा कम्पाइल केलेत, तर उरलेले दहा जुन्याच मापाने डेटा वाचत राहतात, आणि एक दिवस बॅचमध्ये सॉक-सेव्हन येतो, म्हणजे आकड्याच्या जागी भलताच डेटा आल्याने प्रोग्राम कोसळतो. एका कॉपीबुकमध्ये दुसरं असतं, त्यामुळे नुसतं नाव शोधून यादी पुरी होत नाही. एंडेव्हरचा एसीएम हा भाग आणि डिपेंडन्सी बेस्ड बिल्डचा स्कॅनर, दोघेही ही नाती नोंदवून ठेवतात. त्यांचीच यादी प्रमाण माना. तुमच्याकडे स्टॅटिक कॉल असतील तर काम आणखी वाढतं, कारण बोलावलेला प्रोग्राम बोलावणाऱ्याच्या लोड मॉड्यूलमध्येच लिंक झालेला असतो. तो बदलला की बोलावणारे सगळे पुन्हा लिंक करावे लागतात. डायनॅमिक कॉलमध्ये ही अडचण नसते.

आता तुमच्या मॅनेजरांच्या मुद्द्याकडे येते. जेनकिन्सने सूत्रं हातात घ्यावीत, पण मेनफ्रेमचा बिल्ड मेनफ्रेमवर, तिथल्याच टूलने व्हावा, असं माझं ठाम मत आहे. एंडेव्हरच्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे बिल्डच्या पायऱ्या लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये, तुमच्या सिनियर लोकांनी कित्येक वर्षांचं शहाणपण भरलेलं असतं: कुठल्या प्रोग्रामला कुठले कम्पाइल ऑप्शन, कुठल्याला डीबीटू, कुठल्याला सीआयसीएस ट्रान्सलेटर. ते सगळं उकरून जेनकिन्सच्या स्क्रिप्टमध्ये पुन्हा लिहायला बसलात तर वर्ष जाईल आणि निम्मं विसरलं जाईल. जेनकिन्सने फक्त सांगावं, थांबावं आणि निकाल घ्यावा. त्यासाठी एंडेव्हरची स्वतःची वेब सर्व्हिस आहे, झेड-ओएसबरोबर येणाऱ्या झेड-ओएसएमएफची रेस्ट एपीआय आहे, आणि २०१८ मध्ये ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टखाली सुरू झालेल्या झोवेची कमांड लाइन आहे. जावाच्या मुलांना झोवे लवकर जमतं, कारण मेनफ्रेमवर लॉग-इन करायचा टीएसओचा स्क्रीन न उघडता जॉब (मेनफ्रेमला द्यायचं काम) टाकता येतो.

‘थांबावं’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. जॉब सबमिट होणं आणि जॉब यशस्वी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी पाहिलेल्या पहिल्या प्रयत्नांपैकी बरेच इथेच फसले. जॉब नंबर मिळाला की स्क्रिप्ट शून्य परत करते, जेनकिन्स हिरवं होतं, आणि तिकडे जॉब अजून रांगेतच असतो. जॉब संपेपर्यंत विचारत राहा आणि मग रिटर्न कोड वाचा. तो नुसता आकडा नसतो, हेही ध्यानात ठेवा. झेड-ओएसएमएफ कधी सीसी ०००० सांगेल, कधी जेसीएल (जॉबच्या पायऱ्या लिहायची भाषा) एरर, कधी अबेंडचा (प्रोग्राम मध्येच कोसळल्याचा) कोड. जेसीएलमध्येच चूक असेल तर एकही स्टेप चालत नाही, म्हणजे आकडा शोधणाऱ्या स्क्रिप्टला काहीच सापडत नाही आणि ती मुकाट पुढे जाते. आकडा सापडला नाही तर बिल्ड नापास, असा नियम ठेवा. कोड ४ चं काय करायचं, हे मात्र तुमच्या सिनियर लोकांबरोबर बसून ठरवा. कम्पाइलरची वॉर्निंग चालवून घेण्याची बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे आणि जुन्या कोडसाठी ती समजण्यासारखी आहे. नव्या किंवा बदललेल्या प्रोग्रामला मी ४ चालू देत नाही. लांब फील्डमधली किंमत आखूड फील्डमध्ये कापली जाण्याची शक्यता कम्पाइलर कधीकधी याच पातळीवर सांगतो, आणि पैशाच्या हिशेबात ती वॉर्निंग नजरेआड करणं मला पटत नाही.

एक बारीक अडचण, जिच्यापायी आमचा पूर्ण आठवडा गेला होता: सगळे बिल्ड एकाच जॉब नावाने टाकू नका. जॉबची रांग सांभाळणारं जेईएस-टू सहसा एकाच नावाचे जॉब एकामागून एक चालवतं. चार डेव्हलपरनी एका वेळी बिल्ड मारला की चौथ्याचा जेनकिन्सवर टाइमआउट होतो आणि तो बिचारा आपल्या कोडमध्ये चूक शोधत बसतो. तसंच प्रत्येक ब्रांचला स्वतःच्या लोड लायब्ररी द्या, नाहीतर एकाचं मॉड्यूल दुसऱ्याच्या मॉड्यूलवर चढतं.

अक्षरांच्या कोडिंगबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यावर माहिती भरपूर मिळते. गिटमध्ये यूटीएफ-८, मेनफ्रेमवर एबसिडिक. रूपांतराचा नियम गिट-अ‍ॅट्रिब्यूट्स फाइलमध्ये एकदाच लिहा आणि कुणाच्या वैयक्तिक सेटिंगवर सोडू नका. आपल्याकडे हमखास होणारी गोष्ट म्हणजे कुणीतरी कॉमेंटमध्ये ₹ हे चिन्ह टाकतं. आयबीएम-१०४७ या एबसिडिकच्या प्रकारात ते चिन्हच नाही, त्यामुळे रूपांतर अडतं किंवा तिथे भलताच बाइट उमटतो. टेस्टमध्ये क्रमवारी तपासत असाल तर हेही लक्षात असू द्या: एबसिडिकमध्ये अक्षरं आधी आणि आकडे नंतर येतात, लिनक्सकडच्या आस्कीमध्ये उलटं.

आता जोडीच्या नोंदीबद्दल. आम्ही तिला रिलीजचं पत्रक म्हणतो. ती गिटमधली एक साधी फाइल आहे. तिच्यात जावाच्या प्रत्येक सर्व्हिसची आवृत्ती, एंडेव्हर पॅकेजचं नाव, कॉपीबुकच्या संचाची आवृत्ती आणि डीबीटूच्या बदलांचा क्रमांक असतो. टेस्ट, यूएटी (वापरणाऱ्यांची चाचणी), प्रॉडक्शन, कुठेही जायचं तर हे पत्रकच जातं. सुटा एखादा भाग जात नाही. पण पत्रक खरं राहायचं असेल तर जे टेस्ट झालं तेच पुढे गेलं पाहिजे. जावावाले तीच जार पुढे नेतात. मेनफ्रेमवर काही ठिकाणी प्रत्येक स्टेजला पुन्हा कम्पाइल करायची पद्धत असते. त्यात पुढच्या स्टेजच्या लायब्ररीतलं कॉपीबुक थोडं वेगळं निघालं, तर टेस्ट झालेला प्रोग्राम एक आणि प्रॉडक्शनला गेलेला दुसराच. एकदा बांधा, तेच लोड मॉड्यूल पुढे न्या. त्याच्याबरोबर त्याच कम्पाइलमधून निघालेला डीबीआरएमही (प्रोग्राममधल्या एसक्यूएलची फाइल) न्या. दोघांवर एकच खूण असते. लोड मॉड्यूल एका कम्पाइलचं आणि बाइंड (डीबीआरएम डीबीटूशी जोडणं) दुसऱ्याचं झालं, तर प्रोग्राम चालताना डीबीटूचा मायनस ८१८ किंवा मायनस ८०५ एरर येतो, आणि तो रात्री दोन वाजता येतो.

प्रॉडक्शनमधलं मॉड्यूल कुठल्या कमिटचं, हे मॉड्यूललाच विचारता यावं म्हणून लिंक करताना त्याच्या एसएसआय या खुणेच्या रकान्यात गिट हॅशची (कमिटच्या ओळख-क्रमांकाची) पहिली आठ अक्षरं उमटवा. तो रकाना आठ हेक्स आकड्यांचाच असतो, त्यामुळे बरोबर बसतात. ऑडिटच्या वेळी यासारखा आधार नाही.

डिप्लॉयमेंटचा क्रम हा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. पूर्वी रात्री सगळं बंद करून दोन्ही बाजू एकदम बदलता यायच्या. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास झाली, आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून. हप्ते आणि क्लेमचे पैसे आता मध्यरात्रीही फिरतात, त्यामुळे ती निवांत खिडकी विम्यातही आक्रसली आहे. म्हणजे काही मिनिटं तरी जुनी जावा आणि नवं कोबॉल एकत्र चालणार, हे धरूनच बदल लिहायचा. नवं फील्ड रेकॉर्डच्या शेवटी, आधी राखून ठेवलेल्या फिलरमध्ये घाला, म्हणजे एकूण लांबी तीच राहते. असलेल्या फील्डचं माप बदलू नका. मोठं हवं असेल तर नवं फील्ड द्या आणि जुनंही काही रिलीज भरत राहा. आधी मेनफ्रेम, ते स्थिर झालं की जावा. सीआयसीएसमध्ये लायब्ररीत नवं मॉड्यूल गेलं तरी रीजन (सीआयसीएसचा चालू असलेला एक भाग) जुनीच प्रत धरून बसतो, म्हणून न्यूकॉपी किंवा फेज-इन (नवी प्रत उचलायला लावणाऱ्या आज्ञा) ही पायरी जेनकिन्सच्या पाइपलाइनमध्येच असू द्या. प्रोग्राम वापरात असेल तर न्यूकॉपी नाकारला जातो. फेज-इनमध्ये चालू व्यवहार जुन्या प्रतीवर पुरे होतात आणि नवे नव्या प्रतीवर जातात. रीजन चार असतील तर चारही रीजनमधला निकाल तपासा. तीन बदलले आणि एक राहिला, की दर चौथ्या ग्राहकालाच चूक दिसते आणि ती शोधता शोधता माणसं रडकुंडीला येतात.

खर्चाचं बंधनही विचारात घ्या. बऱ्याच करारांमध्ये मेनफ्रेम सॉफ्टवेअरचं बिल महिन्यातल्या सलग चार तासांच्या सरासरी वापराच्या उच्चांकावर ठरतं. भर दुपारी, ऑनलाइन व्यवहारांच्या गर्दीत सगळे प्रोग्राम पुन्हा बांधायला घेतलेत तर तो उच्चांक तुमच्यामुळे वाढू शकतो. दिवसा फक्त बदललेलं आणि त्यावर अवलंबून असलेलं बांधा, पूर्ण बिल्ड रविवारी. तुमचा करार कसा आहे, हे कपॅसिटीच्या टीमला विचारा.

राहिले तुमचे सिनियर. त्यांच्या ‘हात लावू नका’मागची भीती खरी आहे. एका लायब्ररीवर शेकडो जॉब उभे असतात, आणि चुकीची स्क्रिप्ट एका सर्व्हिसऐवजी सगळ्या पॉलिसी बंद पाडू शकते. म्हणून जेनकिन्सला रॅकएफ या मेनफ्रेमवरचे हक्क सांभाळणाऱ्या यंत्रणेत वेगळा आयडी द्या, त्याला टेस्टपर्यंतच हक्क द्या, आणि प्रॉडक्शनची मंजुरी माणसाच्याच हातात ठेवा. बिल्ड करणारा आणि मंजुरी देणारा वेगळा असावा, हे ऑडिटवालेही मागतातच. पण सिनियर लोकांना दुसरी बाजूही सांगा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री आमचं एक तातडीचं दुरुस्तीचं काम जायचं होतं. मेनफ्रेमच्या बिल्डचा क्रम एका सरांच्या डायरीत होता. सर सायनच्या पुढे पाण्यात अडकले, फोन लागत नव्हते, आणि ऑफिसमध्ये अडकलेल्या आम्हा पाच जणांपैकी कुणालाही त्या अठरा पायऱ्या ठाऊक नव्हत्या. तिसऱ्या दिवशी सर आले तेव्हा त्यांनी स्वतःच डायरी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, हे सगळं लिहून काढ. आमची पहिली स्वयंचलित पायरी त्या डायरीतूनच निघाली. तुमच्या सिनियर लोकांबरोबरही तसेच बसा. त्यांच्या पायऱ्या त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या आणि स्क्रिप्ट त्यांनाच तपासायला द्या.

सुरुवात एकाच प्रवाहापासून करा. एक सर्व्हिस, तिला लागणारी तीन-चार कॉपीबुकं आणि मागचे प्रोग्राम निवडा. आधी कॉपीबुकचं एक घर आणि लांबीची तपासणी, मग पत्रक, मग जेनकिन्समधून एंडेव्हरला हाक, आणि शेवटी डिप्लॉयमेंट. ३१ मार्चच्या आसपास यातलं काहीही सुरू करू नका. तो महिना फ्रीझचा, म्हणजे बदल बंद ठेवण्याचा, असतो आणि कुणाचंच लक्ष नसतं.

दोन गोष्टी कळल्या तर मला आणखी नेमकं सांगता येईल. त्या सर्व्हिसमागच्या प्रोग्रामांमध्ये स्टॅटिक कॉल किती आहेत, आणि तुमचं एंडेव्हर पुढच्या स्टेजला जाताना मॉड्यूल कॉपी करतं की पुन्हा कम्पाइल करतं? दुसऱ्याचं उत्तर मूव्ह प्रोसेसर उघडून पाहिलात की पाच मिनिटांत मिळेल.